बीच धारेचं पाणी

पंचगंगा घाटामागची गल्ली,
वाराणसी
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय अवनी,

सप्रेम नमस्कार. मावशींनाही सांग. त्यांचा गुडघा हैदराबादच्या हवेत बरा आहे, हे तू मागच्या फोनवर म्हणालीस, तेव्हा मला हेवा वाटला. माझे दोन्ही गुडघे तिशीतच बसच्या पायरीला वैतागलेत.

फोनवर तू हैदराबादचा विषय काढलास की मी नेटवर्क गेल्याचं नाटक करते, हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं तर! ‘आमच्या प्रयोगशाळेत तुझी जागा रिकामी ठेवलीय, महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते लिहून कळव, कागदावर नेटवर्क जात नाही’, असं म्हणालीस. म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून एवढं हाताने लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. उत्तर शेवटी आहे. तू आधी शेवटचं पान बघणारी आहेस, पण या वेळी बघू नकोस.

वरचा पत्ता वाचून गोंधळशील. मी राहते शिवपूरच्याही पुढे, रिंग रोडला लागून असलेल्या एका इमारतीत. पण आधार कार्डावर, बँकेत, विम्याच्या कागदांवर अजून ढुंढिराज काकांचाच पत्ता आहे. ज्याच्या खोलीचा भरवसा नाही त्याने पत्ता बदलत बसू नये. टपाल काकांकडे येतं, ते उघडतात, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात आणि मग फोन करतात, “बिटिया, बँकेची चिठ्ठी आली आहे. चिंता करायची काही बात नाही.” माझ्या विम्याच्या अटी माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहेत.

हे पत्र तू मावशींना वाचून दाखवणारच, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. काका म्हणजे काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातले तीर्थपुरोहित. महाराष्ट्रातून येणाऱ्यांचं श्राद्ध, पूजा, सगळं त्यांच्याकडे. वय चौऱ्याहत्तर. गीताकाकू त्यांच्या पत्नी, विश्वजीत मुलगा. त्यांच्या वरच्या मजल्यावर मी दोन वर्षं राहिले. मिरजेची मुलगी एकटी राहते म्हटल्यावर काकूंनी मला खोली दिली, आणि खोलीबरोबर रोजची आमटीही दिली. तू तिथे पुरणपोळ्या किती खाल्ल्यास ते मावशींना सांगत नाही.

आता संस्थेची खबर. तुझ्यामागून मायक्रोस्कोपवाला कुणालसुद्धा गेला. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवणारं आता कुणी नाही. त्याच्यावर कापड घातलंय. दसऱ्याला कापड काढून झेंडूचा हार घातला आणि परत कापड घातलं, तेवढीच त्याची वर्षभराची सेवा. कुणालच्या जागी एक बंगाली मुलगा आला होता, बायको आणि तान्हं बाळ घेऊन. संस्थेने गेस्ट हाऊसमध्ये ठेवला. इथली कार्तिकी पौर्णिमेची देवदिवाळी आली तशी गेस्ट हाऊसवाल्याने त्यांना हात जोडून बाहेर काढलं. त्या मुलाने सामान उचललं ते थेट स्टेशनवर नेलं. त्याचा कप अजून प्रयोगशाळेत आहे.

हॉस्टेलचं घोडं होतं तिथेच अडलंय. आपली जमीन, रामनगरच्या पल्याडची, शहराच्या नकाशात हिरव्या रंगात आहे. हिरव्या रंगात शेत चालतं, खास परवानगी काढली तर प्रयोगशाळा चालते, घर चालत नाही. त्यामुळे आपल्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजला तिथे स्वतंत्र खोली आहे, एसी आहे, जनरेटर आहे. तो फ्रीज सांभाळणाऱ्या माणसाने मात्र संध्याकाळी पूल ओलांडून परत जायचं. आणि अलीकडच्या काठावर, घाटांच्या पट्ट्यात, नवी वीट लावायची नाही असा नियम. जुन्या विटांच्या आत यात्रेकरू झोपतात. ते एका रात्रीला जे मोजतात ते आपल्याला परवडणार नाही. यात मला कुणाचा दोष दिसत नाही. नियम नदीच्या भल्यासाठी आहेत आणि यात्रेकरूंना यायला मी कोण नको म्हणणार? मी फक्त काय आहे ते लिहितेय.

माझी खोली गेली ती फेब्रुवारीत, कुंभाच्या गर्दीत. प्रयागहून माणसांचा लोंढा काशीत उतरला आणि विश्वजीतला कळलं की आपल्या वरच्या मजल्याला किती किंमत आहे. तो मला सांगायला जिन्यात उभा राहिला, वर यायची त्याला हिंमत होईना. “ताई, बुरा नका मानू. सीझन आहे. सगळ्या गल्लीने केलं आहे.” मी काही बुरा मानला नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. काका मात्र माझ्याकडे पाठ करून वाती वळत बसले होते. निघताना माझ्या पुस्तकांची पिशवी त्यांनी हट्टाने स्वतः खाली आणली. रिक्षात ठेवताना विचारलं, “आणि तुझ्या पाण्याचं काय करशील?”

इथे मावशींसाठी थोडं शास्त्र. गंगेच्या पाण्यात जिवाणू खाऊन जगणारे विषाणू असतात, त्यांना फेज म्हणतात. ज्या जखमांना कुठलंच औषध लागू पडत नाही, तिथे हे फेज उपयोगी पडतील का, हे आम्ही बघतो. त्यासाठी पंचगंगा घाटाचं पाणी रोज पहाटे, लोक स्नानाला उतरायच्या आधी, मी बाटलीत भरत असे. शिवपूरहून ते जमणं शक्य नव्हतं. पहाटे तिकडून काही मिळत नाही आणि मिळालं तरी चौकापुढे गाडी सोडत नाहीत. तेव्हा काका म्हणाले, “मी तर रोज स्नानाला उतरतोच. तुझी बोतल मी भरत जाईन.” विश्वजीत बर्फाच्या डब्यात बाटली घालून स्कूटरने राजघाटला आणायचा, पुलाच्या तोंडाशी, जिथे आपली बस थांबते. खोली काढून घेतल्याची भरपाई तो असा करत होता. एक दिवस चुकला नाही.

पण बघ, जिथे जिवाणू जास्त तिथेच त्यांना खाणारे जास्त. उंदीर असतील तिथेच मांजर येणार. मला हवं होतं ते काठाचं पाणी, पायऱ्यांच्या कडेला, जिथे गल्लीतला ओघळ नदीला मिळतो. ज्या माणसाने पासष्ट वर्षं त्या पाण्यात संध्या केली, त्याला ‘काका, जिथे घाण मिसळते तिथे बाटली बुडवा’ हे मी कसं सांगू? जीभ रेटेना. मी म्हटलं, “घाटाचं पाणी भरा, लवकर भरा.” ते हो म्हणाले.

मार्चपासून पंचगंगेचे फेज जवळजवळ गायब झाले.

मी जिवाणू वाढवायची माध्यमं बदलली, तापमान तपासलं, माझ्या हातावर संशय घेतला. काही नाही. मग पूर आला आणि आकडा एकदम वर गेला. पूर ओसरल्यावर पुन्हा खाली. रत्नाकर सरांना तो आलेख इतका आवडला, की त्यांनी तो मोठा छापून भिंतीवर लावला. ‘पावसाळी उसळी’ असं नावही दिलं. आपले सर कसे आहेत तुला माहीत आहे, वर्षानुवर्षं निधीसाठी अर्ज लिहून लिहून बिचाऱ्यांचे केस गेलेत, आणि आता कुठे हातात काहीतरी लागलं होतं. पेपर लिहून पाठवला. परिषदेत वाचला, लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

देवदिवाळीच्या दिवशी रस्ते बंद होतील म्हणून मी आदल्या दिवशीच दुर्गाघाटाजवळ एका मैत्रिणीकडे मुक्कामाला आले होते. दिव्यांच्या दुसऱ्या दिवशी पहाटे वाटलं, आज काकांना सुट्टी देऊ, आपणच बाटली भरू. पंचगंगेच्या पायऱ्यांवर फुटक्या पणत्या आणि तेलाचे ओघळ. काका कुठे दिसेनात. मग नदीच्या मध्यातून एक नाव येताना दिसली. नावेत काका, शाल गुंडाळलेले, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून. देवाची मूर्ती आणावी तसा.

नावाडीच आधी बोलला. मला बघून हसला आणि म्हणाला, “गुरुजी रोज बीच धार क जल लेलन. किनारे क त गंदा हौ न, बहिनजी!”

मला सगळं एका क्षणात समजलं. पुरात नावा बंद असतात. त्या दिवसांत काकांना बीच धारेत, म्हणजे नदीच्या मध्यात, जाता आलं नाही, त्यांनी पायरीवरूनच बाटली भरली, आणि तेवढ्याच दिवसांत मला हवं ते पाणी मिळालं. सरांच्या भिंतीवर लावलेला सिद्धांत म्हणजे नावा कधी बंद होत्या त्याचा हिशेब होता.

काका उतरले, धापा टाकत होते. “तू कशाला आलीस बेटा? मी आणतोच होतो.”

“काका, तुम्ही रोज नावेने जाता?”

“मग काय! काठाचं पाणी काय द्यायचं? लोक काय काय सोडतात त्यात, तू तर बघितलं आहेस. आणि तू बोतलवर आमच्या घाटाचं नाव लिहितेस.” मग डबा माझ्या हातात दिला आणि हळू आवाजात म्हणाले, “कमरा तर तुला देऊ शकलो नाही. म्हटलं, पाणी तरी चांगलं द्यावं.”

अवनी, मला रडू आलं. मी नदीकडे तोंड करून उभी राहिले. तिथे तसं उभं राहिलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, ही त्या घाटाची मोठी सोय आहे.

मी काकांना काही सांगितलं नाही. सरांना सांगितलं, काकांचं नाव सोडून. ‘पाणी भरणाऱ्याला मी जागा नीट समजावली नाही’, असं म्हटलं. त्यात खोटं काहीच नाही. सर उठले, भिंतीवरचा आलेख काढला, गुंडाळी केली आणि कपाटावर ठेवली. “पेपर मागे घेऊ,” एवढंच म्हणाले. नंतर मला चहा पाजला. तुला वाटेल, काकांचं पाणी तुलनेसाठी वापरता येईल, बीच धार आणि काठ. मलाही वाटलं होतं. पण शेजारी ठेवायला त्याच दिवसाचं काठाचं पाणी हवं ना? ते घ्यायला घाटावर कुणी नव्हतं. मी शिवपूरला बसची वाट बघत होते.

निधी देणाऱ्यांनी समजूतदारपणा दाखवला, असं म्हणायला हवं. मुदतवाढ देतो म्हणाले. अट एकच, नमुने शास्त्रज्ञाने स्वतः घ्यायचे, म्हणजे राहायचं घाटापासून चालत जाता येईल इतक्या जवळ. महिनाअखेरीपर्यंत पत्ता कळवा, नाहीतर हे काम दुसऱ्या शहरातल्या गटाकडे जाईल. तुझी मुदत आणि त्यांची मुदत एकच निघाली. योगायोगावर पोट भरणारे ज्योतिषी काशीत बरेच आहेत, त्यांना सांगायला हवं.

मग मी खोली शोधायला लागले. ब्रह्माघाटावर एका बाईंनी दार अर्धं उघडलं. एकटी आहेस का, लग्न का नाही, मांस-मच्छी खातेस का, आणि मग, “काम क्या करती हो?” जिवाणूंचा अभ्यास, मी म्हटलं. “मतलब कीटाणु? घर में लाओगी?” नाही आणणार, असं मी शपथेवर सांगितलं, तरी त्यांनी दाराची कडी सोडली नाही. गायघाटावर एकाने ‘मार्च के बाद देखेंगे’ म्हणून चहा दिला. मुन्शी घाटावर तर खोली मिळालीच होती. पुलापासून लांब पडली असती, पण चालवून घेतलं असतं. फक्त प्रत्येक मोठ्या सणाला ती चार दिवस रिकामी करून द्यायची. मी विचारलं, मोठा सण नाही असा काशीत कोणता आठवडा असतो? मालक रागावले.

हे सगळं काकांच्या कानावर गेलंच. इथल्या गल्लीत बातमी माझ्याआधी घरी पोचते. काकांनी ठरवलं, गच्चीवर पत्रे टाकून मला खोली करून द्यायची. स्वतः कचेरीत विचारायला गेले. त्या पट्ट्यात पत्राही चालत नाही असं कळलं. काकू म्हणाल्या, “देवघरात झोप. देवांची काही हरकत नाही, मी विचारलं आहे.” मला हसू आलं, पण त्या गंमत करत नव्हत्या, गादीही काढून ठेवली होती.

शेवटी काकांनी विश्वजीतला सांगितलं, एक खोली परत दे. त्याने मार्चपर्यंतची सगळी आरक्षणं दाखवली, लोकांनी आधीच पैसे भरलेले, कुणी आईच्या अस्थी घेऊन येणार, कुणी लग्नानंतरच्या पहिल्या दर्शनाला. बापलेकाचं बोलणं बंद झालं. विश्वजीत मला राजघाटला भेटला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. “ताई, तुम्ही सांगा, कुणाला नाही म्हणू?”

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि मला जागा मिळाली असं सांगितलं. कुठे, ते सांगितलं नाही. काकूंनी लगेच साखर ठेवली हातावर. बापलेक एका ताटात जेवले.

आता तुला उत्तर कळलंच असेल. तरी लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते. हो. मी येते. पंधरा डिसेंबरला रुजू होईन. तुमच्याकडे क्वार्टर आहे, प्रयोगशाळा चालत आठ मिनिटांवर आहे आणि सणावाराला कुणी बाहेर काढत नाही, हे सगळं तू मला इतक्यांदा सांगितलंस की स्वप्नातही मी तुमच्या जिन्याने चढते. आणि मला यायचं नाही, अवनी. हेही लिहून ठेवते, कारण फोनवर मी फक्त ‘हो’ म्हटलं असतं आणि तू खूश झाली असतीस. मला पहाटे पंचगंगेच्या त्या उभ्या पायऱ्या उतरून घाण पाण्यात बाटली बुडवायची होती, वर येऊन काकूंच्या हातचा चहा प्यायचा होता. याहून जास्त मी काही मागितलं नव्हतं. ते मिळालं नाही याचा मला राग आहे, आणि तो कुणावर काढावा ते सापडत नाही.

काल काकांना खरं सांगितलं. ते वाती वळत होते. हात थांबला नाही.

“हैदराबादला नदी कोणती?”

“मुसी.”

“तिचं पाणी कसं आहे?”

“चांगलं नाही, काका.”

काकांनी वात पुरी केली, तुपात भिजत टाकली आणि म्हणाले, “मग तिथे तुझं काम बरं होईल.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना नावाड्याने काही सांगितलं, की त्या दिवशीचा माझा चेहरा त्यांनी वाचला, की ते नुसतं बोलले, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. थोड्या वेळाने ते आत गेले आणि गंगाजळी घेऊन आले. मावशींना ठाऊक असेल, तांब्याचा तोंड बंद केलेला तो छोटा गडू, काशीहून परतणारं मराठी माणूस देवघरासाठी नेतं आणि वेळ येईपर्यंत फोडत नाही. काका सकाळीच नावेतून जाऊन पाणी भरून आले होते, आणि कासाराकडून गडूचं तोंड डाख देऊन बंद करून घेतलं होतं. म्हणजे मी सांगायच्या आधीच त्यांना माहीत होतं की मी जाणार.

या नदीच्या शेकडो बाटल्या मी उघडल्यात, अवनी. ही एक आपल्या क्वार्टरच्या फळीवर बंदच राहील. तुला माझ्याइतकीच खोड आहे म्हणून आधीच बजावते, तू तिला हात लावायचा नाहीस.

आणि माझं एक काम कर. या पत्राचं उत्तर कागदावरच लिही आणि वरच्याच पत्त्यावर पाठव, पण मी तिथे येऊन पोचल्यावर. काका ते उघडतील आणि काकूंना मोठ्याने वाचून दाखवतील. तेव्हा आलेख, पेपर, खोली, कशाचंच काही लिहू नकोस. पाणी नीट पोचलं आणि चांगलं आहे, एवढंच लिही.

तुझी,
हिमानी